तरण्या पोरांचं बीपी

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत, पेशंट स्वतःच आणून देतात! त्यातही माझ्या जळगावच्या क्लिनिकमधले तरणे बीपीवाले म्हणजे खाणच. वय तिशीच्या आतबाहेर, बीपी वर, नाडी बसल्या जागी शंभराच्या पुढे. पण हृदयाची काळजी कोणाला? सगळ्यांना धास्ती एकच, बाहेर कळलं तर लग्न कसं जुळणार!

*

पिंप्राळ्याचे एक कापडवाले शेठजी मुलाला घेऊन आले. मुलाच्या मनगटावरचं स्मार्टवॉच एकशे बारा ठोके दाखवत होतं. मी म्हटलं, "शेठजी, हे फार आहेत."

शेठजी मुलावरच खेकसले, "सकाळपासून दुकानात एक गिऱ्हाईक नाही, मग याचं हृदय पळतंय कोणासाठी?"

*

एकाला मीठ कमी करायला सांगितलं. पठ्ठ्याने भरीत पार अळणी खाल्लं म्हणे. मी खूश! "अरे वा, गेलं कसं घशाखाली?"

"लोणच्याबरोबर!"

*

साक्रीकडच्या पोराला नाडी आटोक्यात ठेवायची गोळी लिहून दिली. महिन्याच्या गोळ्या, आणि हा पंधरवड्यात हजर. "संपल्या!"

मला घाम फुटला. "सगळ्या तू खाल्ल्यास?"

"नही मॅडम, दाजी येल व्हतात. त्यासले रिकामं कसं धाडू?"

दाजींना बीपी नव्हतंच! आधी त्यांना बोलावून तपासलं, मग दोघांनाही मनसोक्त झापलं.

*

आणि आमचा भूषण. धरणगावचा, कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. गोळी हमखास विसरायचा. अशांच्या मोबाइलमध्ये मी माझ्याच आवाजातला अलार्म लावून देते, सकाळी अकराचा. "अरे देवा, आज तरी गोळी घे!"

त्याची दोन स्थळं बीपीचं कळताच फिरली होती. तिसरं धुळ्याचं. मुलगी त्याला फोटोतच आवडलेली. आई डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, हेही मोडलं तर पोरगं खचेल." वाईट मलाही वाटत होतं, पण लपवालपवीवर संसार होतो का? "सांगून टाका," मी म्हटलं. ती काही ऐकेना.

पुढचं भूषणनेच मला सांगितलं. धुळ्यात बैठक छान रंगली. मुलीच्या आबांनी विचारलं, "पोऱ्याले काही दुखनं-खुपनं?"

आई म्हणाली, "काहीच नही शे, आबा!"

तेवढ्यात अकरा वाजले. भूषणच्या खिशातून मी ओरडले, "अरे देवा, आज तरी गोळी घे!"

आईने डोळेच मिटून घेतले. भूषणने घाईघाईने फोन बंद केला, तरी माझा आवाज येतच राहिला. आतून, स्वयंपाकघरातून!

पोह्यांच्या बशा आणायच्या सोडून मुलगी पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर आली.