वहीत नाही ते फाटकातून आत नाही

मुकोनो गावच्या नर्सिंग कॉलेजात तळमजल्यावर एक खोली होती, तिला सगळे थंड खोली म्हणत. आत कपाटाएवढे दोन सर्व्हर, एक जुना एसी आणि एसीचं ठिबकणारं पाणी झेलायला पिवळी बादली. दानियेरी म्पागी ही खोली चौदा वर्षं सांभाळत होता. कुठली तार कुठून निघते, कुठला पंखा कधी कुरकुरतो, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. आणि तो सांगायचाही, कुणी विचारलेलं नसलं तरी. जुळ्यांचा बाप म्हणून सारं गाव त्याला सालोंगो म्हणे आणि त्याच्या बायकोला नालोंगो.

बोलणं हा त्याचा शनिवारचा उद्योगच होता. तिकडे लग्न ठरलं की मुलाकडची माणसं पांढरे पायघोळ झगे, कांझू, घालून, भेटींनी गाड्या भरून मुलीच्या दारी जातात. नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीने बोलायला एक पटाईत माणूस नेतात, आणि मुकोनोपासून लुगाझीपर्यंत तो माणूस म्हणजे म्पागी. मुलीकडच्यांचे टोमणे झेलायचे, सव्याज परत करायचे, म्हाताऱ्यांना हसवायचं आणि शेवटी भेटींची यादी खड्या आवाजात वाचून दाखवायची. पलीकडून होकार आला की मगच सामान गाडीतून उतरायचं. या कामात त्याचा एकच नियम होता, आणि तो नवऱ्याच्या बापासाठीही मोडत नसे: निघण्याआधी सगळं रस्त्यावर मांडून यादी एकदा मोठ्याने वाचायची. वहीत नाही ते फाटकातून आत नाही.

फेब्रुवारीत प्राचार्यांनी त्याला बोलावून सांगितलं की थंड खोली बंद होणार. यापुढे सगळं क्लाउडवर, म्हणजे दूरदेशी कुणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर. खोली गेली की खोलीचा राखणदारही जाणार, हे सांगायला लागत नव्हतं. पण बाई वाईट नव्हत्या.

"सालोंगो, नव्या व्यवस्थेला एक सहायक लागेल," त्या म्हणाल्या. "ती जागा तुम्हालाच द्यावी असं मला वाटतं. पण जूनअखेर हातात सुरुवातीच्या पातळीचं एक तरी सर्टिफिकेट हवं. कुठलं ते तुम्ही ठरवा. फी कॉलेज भरेल, पण एकदाच."

म्पागी त्रेचाळीस वर्षांचा होता आणि परीक्षेला बसून त्याला जमाना लोटला होता. घरी येऊन त्याने ताटातले मातोके, उकडलेली केळी, निम्मे टाकले. ताट उचलताना नालोंगोने त्याच्याकडे पाहिलं.

कॉम्प्युटर विभागात त्याच्यासोबत नाकायिझा नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिच्याकडे पाच सर्टिफिकेटं होती आणि सगळी तिच्या फोटोखाली इंटरनेटवर ओळीने लावलेली. तिने त्याला दोन वाटा सांगितल्या. एक, बड्या कंपनीची सर्वसाधारण परीक्षा: क्लाउडमधल्या शेदोनशे सोयींची नावं आणि कुठली कशासाठी, एवढं पाठ करायचं. दुसरी, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका अवजाराची: सर्व्हर कसे हवेत ते मजकुरात लिहून द्यायचं आणि ते अवजार मजकूर वाचून तसे उभे करतं.

"दुसरीच्या वाटेला जाऊ नका," ती म्हणाली. "त्यात लिहावं लागतं, डोकं चालवावं लागतं. पहिली सगळे करतात. मोठं नाव, सोपा पेपर."

"डोकं चालवावं लागतं म्हणून नको? पोरी, तुझ्या बापाला सांगू का हे?"

"सांगा. त्यांनीच मला पहिली करायला लावली."

म्पागीने पहिली धरली. मुकोनोच्या शेअर टॅक्सीत खिडकीशी बसून तो नावं घोकायचा, आणि शेजारची बाई हा माणूस कुठला मंत्र म्हणतोय म्हणून पिशवी जवळ ओढून घ्यायची. पण पालथ्या घड्यावर पाणी. ज्या डोक्यात शंभर लग्नांतली आत्या-मामांची नावं बसली होती त्यात ही नावं बसेनात, कारण त्यांच्यातल्या एकालाही तो भेटलेला नव्हता. दीड महिन्याने सराव परीक्षा दिली तर शंभरात अठ्ठेचाळीस, आणि पास व्हायला लागत सत्तर.

"लोकांच्या पोरींसाठी तीन तास बोलतोस," नालोंगो म्हणाली, "आणि स्वतःच्या नोकरीसाठी साठ प्रश्न सुटत नाहीत?"

थट्टा नेहमीचीच होती, पण या वेळी त्याला ती लागली. तिलाही ते कळलं. तिने भुईमुगाची आमटी जास्तीची वाढली आणि विषय तिथेच सोडला.

त्या शनिवारी लुगाझीचं लग्न होतं. रस्त्याकडेला साखरेची पोती, मीठ, साबणाच्या पेट्या, मुलीच्या भावासाठी कोंबडा, सगळं मांडून म्पागी वही वाचत होता. तेवढ्यात त्याला शेवटच्या गाडीत चादरीखाली एक फ्रिज दिसला.

"हा कुणाचा?"

"माझा," नवऱ्याचा काका छाती काढून म्हणाला. "आयत्या वेळी सगळ्यांना चकित करणार."

"चकित होतील खरे. यादीत नसलेला फ्रिज पाहून आधी विचारतील, यादीतलं काय राहिलं? मग सगळी पोती मोजायला बसतील आणि कोंबडा उन्हात मरेल. काका, उतरवा, नाहीतर वहीत लिहू द्या."

"एका ओळीचं काय एवढं, सालोंगो?"

"एका ओळीचंच तर सगळं असतं."

फ्रिज वहीत चढला, यादी पहिल्यापासून पुन्हा वाचली गेली, अर्धा तास उशीर झाला आणि लग्न झकास पार पडलं.

सोमवारी तो कामावर आला तर नाकायिझा तेच, त्याला नको म्हणून सांगितलेलं अवजार चालवत होती. विद्यार्थिनींच्या तीन वर्षांच्या वॉर्डातल्या कामाच्या नोंदी तिने नुकत्याच क्लाउडवर हलवून थंड खोलीतून पुसल्या होत्या, आता थोडी आवराआवर चालली होती. पडद्यावर ओळी सरकल्या आणि थांबल्या. अवजार काहीच करत नव्हतं. आपण काय काय करणार आहोत याची यादी मांडून ते होकाराची वाट पाहत होतं.

म्पागी तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. यादी दिसली की त्याचं तोंड आपोआप उघडत असे.

"जोडायचं: तीन. बदलायचं: दोन. पाडायचं: एक." तो थांबला. "पाडायचं एक? काय पाडतेस?"

"ते असंच दाखवतं. मी नेहमी हो म्हणते."

"न वाचता?"

"सालोंगो, चाळीस ओळी आहेत."

"मी दोनशे ओळी वाचतो, आणि समोर चारशे माणसं भुकेली बसलेली असतात." त्याने ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, एकेक, ठणठणीत, लग्नात वाचतो तशी. सतराव्या ओळीवर नाकायिझाने त्याचा हात धरला.

नोंदींच्या साठ्याचं मजकुरातलं नाव तिने सकाळी बदललं होतं, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून. अवजाराने त्याचा अर्थ सरळ घेतला: जुन्या नावाचा साठा आता नको, तो पाडा, नव्या नावाचा हवा, तो रिकामा उभा करा. या धंद्यातली माणसं करतात अशी ही चूक, आणि तिने हो म्हटलं असतं तर तीनशे मुलींच्या नोंदी गेल्या असत्या.

तिचा चेहरा उतरला होता. म्पागीने तिला चहा आणून दिला, आणि स्वतः मात्र पडद्यासमोरून हलेना. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच त्याला क्लाउडमध्ये ओळखीचं कुणीतरी भेटलं होतं. हे अवजार आधी यादी वाचून दाखवतं, मग होकार मागतं, आणि वहीत नसलेलं काही आत नेत नाही. म्हणजे हा तर आपलाच धंदा. त्याला इतका आनंद झाला की त्याने ते शिपायालाही सांगितलं.

"दुसरी परीक्षा देणार," त्याने घरी जाहीर केलं.

"अवघड म्हणत होती ना ती?" नालोंगोने विचारलं.

"आहेच अवघड."

"नापास झालास तर?"

"तर थंड खोलीसारखा मीही बंद."

नालोंगोने घासत असलेलं भांडं खाली ठेवलं. "पहिलीचा अभ्यास करताना तू जेवत नव्हतास," ती म्हणाली. "आज दोनदा वाढून घेतलंस. हीच दे."

नाकायिझा रोज एक तास त्याला शिकवू लागली. चाळीस ओळींचं ऋण होतं, ती म्हणे. जूनपर्यंत तो स्वतः मजकूर लिहून सर्व्हर उभे करायला शिकला, पण मोठ्याने वाचल्याशिवाय त्याला एक ओळही कळत नसे. आणि तिथेच घोडं अडलं. परीक्षा घरून द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर, निकालही तिथल्या तिथे पडद्यावर, आणि पलीकडे कुठूनतरी एक माणूस पाहत बसणार. नियम असा की बोलायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

"तू? एक तास गप्प?" नालोंगोला हसू आवरेना. "यापेक्षा पहिलीच सोपी होती."

त्या सकाळी तिने शेजारचा रेडिओ बंद करवला, कोंबड्या पार रस्त्यापलीकडे हाकलल्या आणि खिडकीखाली स्टूल टाकून बसली. आत म्पागी घामाघूम झाला होता. तिसऱ्याच प्रश्नाला पडद्यावर ताकीद आली: ओठ हलताहेत. पुन्हा हलले तर परीक्षा रद्द. त्याची पाचावर धारण बसली. त्याने दात आवळले, तळवे मांडीखाली दाबले आणि लग्नातला नवरा मुलगा आठवला. सगळं त्याच्याविषयी चाललेलं असतं आणि त्याला एक शब्द बोलायची परवानगी नसते. इतकी वर्षं आपण त्यांना हसत आलो, याची त्याला लाज वाटली. मग त्याने डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली. हळूहळू ओळी आत, न बोलताच, त्याच्याच आवाजात ऐकू येऊ लागल्या.

तासाभराने दार उघडलं. म्पागी उंबऱ्यात उभा राहिला आणि काहीच बोलला नाही.

नालोंगो स्टुलावरून उठली. वीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला गप्प पाहिलं नव्हतं.

"असू दे," ती म्हणाली. "आपण काहीतरी करू. तू बोल फक्त. काहीही बोल."

म्पागीने घसा साफ केला, दोन्ही हात समोर धरून नसलेली वही उघडली, आणि चारशे माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"जोडायचं: एक सर्टिफिकेट. बदलायचं: एक नोकरी. पाडायचं," आणि इथे त्याचा आवाज फाटला, "पाडायचं काही नाही."

रस्त्यापलीकडून शेजारीण डोकावली. नालोंगोने तोंड फिरवून डोळे पुसले नाहीत, उघड्यावरच पुसले.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मग होकार देते."