धुण्याच्या दगडाची बैठक

लोहाऱ्यात गेट आणि ग्रिल बनवणारी दुकानं बरीच आहेत, पण जुन्या दगडी मूर्तींना बैठक करून देणारा माणूस एकच, वीरभद्रअप्पा. बैठक म्हणजे मूर्ती ज्याच्यावर उभी राहते तो लोखंडाचा आणि पितळेचा आधार. संग्रहालयात आपण मूर्ती बघतो, नाक फुटलं म्हणून हळहळतो आणि पुढं सरकतो. पाय तुटलेली एवढी जड मूर्ती उभी कशी राहिली, हा प्रश्न कुणाला पडत नाही. तो पडू नये यातच अप्पांची हुशारी.

त्यांचा मूळ धंदा गेटचाच. मठातल्या भेगाळलेल्या नंदीला त्यांनी एकदा आधार करून दिला होता. तो जिल्ह्यातल्या एका छोट्या संग्रहालयाच्या अमरसिंह साहेबांच्या नजरेस पडला आणि तेव्हापासून अप्पांच्या दुकानात गेटांच्या शेजारी यक्ष, गणपती आणि वीरगळ येऊन पडू लागले. या कामाचे नियम कडक. मूर्तीला भोक पाडायचं नाही, सिमेंट लावायचं नाही, आणि उद्या ती काढायची म्हटलं तर अंगावर ओरखडा न उठता निघाली पाहिजे. अप्पा मऊ शिशाची पट्टी दगडावर दाबून त्याचा उंचसखलपणा उचलायचे, त्या मापाचे पितळी आकडे वाकवायचे आणि आकड्यांच्या आत लोकरीचा तुकडा बसवायचे. माप घेताना कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

दगडाचं त्यांना वेडच लागलं होतं. तुळजापूरला गेले तर लोक देवीच्या दर्शनाच्या रांगेत, आणि हे पायरी कुठल्या दगडाची म्हणून वाकून बघणार. कुणाच्या शेताच्या बांधावर कोरीव दगड पडलाय अशी कुणकुण लागली की जेवण टाकून जायचे. असा हा माणूस लहानपणापासून रोज सकाळी स्वतःच्या मोरीत एका दगडाशेजारी उभा राहून आंघोळ करत होता, आणि तो दगड उलटून बघावा असं त्यांच्या एकदाही मनात आलं नाही.

तो धुण्याचा दगड. अप्पांच्या आजीच्याही आधीपासून घरात होता. वरून सपाट, मधे किंचित खोलगट, गुळगुळीत. अप्पांची बायको चन्नम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून त्यावर कपडे आपटत होती. यंदा पुण्याला नोकरी करणाऱ्या निकितानं, त्यांच्या मुलीनं, आईला धुण्याचं यंत्र पाठवलं. यंत्र ठेवायला जागा हवी, म्हणून चन्नम्मा अणदूरला बहिणीकडं गेली असताना अप्पांनी पहार घालून दगड उचकटला. दगड कलंडला आणि खालची बाजू वर आली. शेवाळ आणि साबणाचा थर खरवडल्यावर आधी एक कोपर दिसलं, मग गळ्यातला हार, मग देवीसारखा वाटणारा, खाली झुकलेला चेहरा.

दुसऱ्या कुणाच्या घरात हे निघालं असतं तर अप्पा नाचले असते. आपल्याच मोरीत बसून त्यांना घाम फुटला, कारण त्यांना पहिली आठवण झाली ती चन्नम्माची.

चन्नम्मा लिंगायत घरातली, आणि नेमाची पक्की. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि ती झाल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. तापानं फणफणली असतानाही तिनं हा नेम मोडला नव्हता. जन्मभर आपण देवीच्या पाठीवर घरादाराचा मळ आपटला हे तिला कळलं तर काय होईल, याचा अप्पांना अंदाज होता. म्हणून पन्नास मूर्ती हाताळलेल्या या माणसानं चोरासारखा तो दगड पोत्यात गुंडाळला आणि टेम्पोत घालून दुकानात नेला.

चन्नम्मा परत आली, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "दगड कुठंय?"

"दुकानात नेलाय. ऐरणीखाली लागत व्हता."

"ऐरणीला दुसरा बघा. गोधड्या का ह्या डब्यात धुऊ म्या?"

अप्पांनी आज आणतो, उद्या आणतो असं चालवलं. खोटं बोलण्यात त्यांना गती नव्हती, आणि चन्नम्माला धीर नव्हता. एका दुपारी दगड आणायला ती स्वतःच दुकानात आली. अप्पा दारातल्या गेटाला वेल्डिंग मारत होते. त्यांनी डोळ्यावरची काच वर करेपर्यंत तिनं पोतं बाजूला केलं होतं.

तिनं दगडाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं बघितलं, आणि उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाली, विभूती लागली, पण लिंग गळ्यातून निघालं नाही. अप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "कुठल्या हातावर घेऊ? ह्या?" आणि पूजा नाही म्हणून जेवणही नाही. अप्पांची भाकरी ती थापत होती, डबा बांधून देत होती, आणि स्वतः कपभर चहा-दुधावर राहत होती. मठातल्या स्वामींनी सांगून पाहिलं की अजाणता घडलं त्याचा दोष लागत नाही. तिनं त्यांना नमस्कार केला आणि ऐकलं काहीच नाही. दिवसामागून दिवस गेले. भिंत धरून चालायची पाळी आली. निकिताला फोनवर "पित्त झालंय" एवढंच सांगायची. अप्पांना त्या दगडाचं तोंड बघवेना.

त्यांनी अमरसिंह साहेबांना बोलावलं. रीतसर तहसीलला कळवलं गेलं, पंचनामा झाला, आणि मूर्ती संग्रहालयात न्यायची ठरली. साहेबांनी मूर्तीजवळ उकिडवं बसून बराच वेळ निरखलं.

"अप्पा, ही देवी नाही. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर बायका कोरलेल्या असतात ना, त्यातली आहे. हा बघा वर घेतलेला पाय. तळव्यातला काटा काढतेय."

अप्पांना एवढा आनंद झाला की साहेबांना चहा पाजायचंही ते विसरले. तडक घरी गेले.

"चन्नम्मा, सुटलीस. देवी न्हाय ती. बाई हाय साधी. पायातला काटा काढतीय."

चन्नम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"बाई हाय म्हणून चालतंय व्हय?" ती म्हणाली. "बाईच्या पाठीवर किती बी आपटावं?"

अप्पा जोडे घालून दुकानात परत गेले.

मग त्यांनी बैठकीचं काम धरलं. एरवी मूर्तीच्या पाठीला मधोमध एक कांब देतात, सगळा भार तिच्यावर येतो आणि समोरून ती दिसत नाही. या दगडाच्या पाठीला तर कपडे आपटून आपटून पन्हळ पडलेली होती, कांब तिथं आयती बसली असती. अप्पांनी शिशाची पट्टी त्या पन्हळीवर ठेवली, आणि दाबण्याआधीच उचलून घेतली. पाठीला काहीही लावायचं नाही असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी खालचा आधार रुंद करावा लागला, आणि दोन्ही खांद्यांपाशी वेगवेगळे आकडे. काम दुप्पट झालं. दोनदा आकडे चुकले, दोनदा वितळवले. सगळं जुळलं तेव्हा एक अडचण उरली. साखळीनं मूर्ती उभी धरता येत होती, पण आकडे फिरवून घट्ट करताना तिला मागून कुणीतरी हातांनी सांभाळायला हवं होतं.

शेजारचा टायरवाला एका हाकेवर आला असता. अप्पा घरी गेले.

"जरा दुकानात चल. धरायला माणूस पायजे."

"म्या न्हाय हात लावायची."

"दुसऱ्या कुणाला मला लावू द्यायचा न्हाय," अप्पा म्हणाले. "तिची पाठ तुला ठावं हाय."

ती आली. अप्पांनी हाताला धरून आणली म्हटलं तरी चालेल. मूर्ती साखळीला टांगलेली, तोंड रस्त्याकडं. चन्नम्मा मागं उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळहात त्या पन्हळीत टेकवले. अप्पांनी साखळी सैल केली, तसा थोडा भार तिच्या हातांवर आला.

"जमतंय का?"

"तुमी तुमचं करा."

अप्पांनी डावा आकडा आवळला, मग उजवा. लोकरीचे तुकडे नीट बसले का ते बोट फिरवून बघितलं. साखळी पूर्ण सोडली.

"सोड आता."

तिनं सोडलं नाही. रस्त्यावरून उमरग्याची एसटी गेली, धूळ आत आली आणि खाली बसली. मग चन्नम्मानं एक हात काढला. मूर्ती हलली नाही. तिनं दुसरा काढला. ती पुढच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि त्या बाईच्या वर घेतलेल्या पायाकडं बघत राहिली.

"लई खोल गेलाय वाटतं काटा," ती म्हणाली.

मग तिनं दुकानाबाहेरच्या नळावर हातपाय धुतले, कोपऱ्यातला लोखंडाचा कीस पदरानंच बाजूला सारला आणि तिथं मांडी घातली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. अप्पांनी घण, पकडी, सगळं आवाज न करता खाली ठेवलं आणि दारात एक गिऱ्हाईक आलं होतं त्याला हातानंच थांबवलं.

पूजा झाली. लिंग कपाळाला लावून तिनं परत गळ्यात ठेवलं.

"सकाळी दिलेला डबा खाल्ला का तुमी?" तिनं विचारलं.

"न्हाय अजून."

"मग काढा हिकडं."