पांढरी पाच

दुपारचं जेवण झालं की मुकुंदराव आठल्ये डाव्या कुशीवर आडवे होतात आणि झोपेची वाट बघतात. एरवी ती येते. आज मात्र दारापर्यंत येऊन परत जाते आहे, कारण उशीखाली कार्ड आहे आणि त्याचा कोपरा अभ्र्यातून कानाला टोचतो आहे. कार्ड उचलून टेबलावर ठेवलं तर झोप लागेल, हे त्यांना कळतं. पण ठेवत नाहीत. काही माणसांना टोचणीशिवाय करमत नाही, त्यातले ते एक.

कार्ड आहे रसरंजन संगीत मंडळींचं. पावसाळाभर मंडळी आपापल्या घरी बसतात. गौरी-गणपती झाले की मालकीणबाई, म्हणजे विजूताई, प्रत्येकाला एक छापील कार्ड पाठवतात. दसऱ्याला नारळ वाढवायचा, मग कोणत्या गावी कोणतं नाटक, सगळं त्यावर. फोनच्या दिवसांतही कार्डच, कारण ती वडिलांची पद्धत. ज्याला कार्ड आलं तो मोसमात आहे. ज्याला आलं नाही त्याने काय ते समजून घ्यायचं, विचारायला जायचं नाही.

मुकुंदराव या मंडळींत एकतीस वर्षं ऑर्गन वाजवत आले. लग्न राहूनच गेलं, आणि बसमध्ये चौदा माणसांच्या गलक्यात त्याची उणीवही कधी भासली नाही. ती भासते पावसाळ्यात, मिरजेच्या या खोलीत. आषाढापासून ते दिवस मोजतात. ट्रंक परवाच माळ्यावरून खाली आली आहे, लेंगे-झब्बे घड्या घालून झाले आहेत, ऑर्गनच्या पायट्याला घालायच्या तेलाची बाटलीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. नवरी मुलगीही इतकी तयारी करत नसेल. आणि तरीही होकार कळवलेला नाही.

सकाळी विजूताईंचा फोन आला होता. "आठल्ये, मागचा मोसम तुम्ही घरी बसलात, मी एका शब्दाने बोलले नाही. या वेळी मात्र संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर ऑर्गनचा ट्रॅक करून घेते आणि बटण दाबून नाटक करते. मला काय ते आवडणार आहे? पण करू काय?"

"सांगतो," एवढंच मुकुंदराव म्हणाले.

खोलीच्या कोपऱ्यात त्यांची पेटी आहे आणि पेटीला लागून, तांबड्या गवसणीत, एक तबला. तबल्याच्या खाली कापडी चुंबळ, शेजारी लहान हातोडी. वर्षभर त्याला कोणी हात लावलेला नाही. मुकुंदराव केर काढतानासुद्धा तेवढी जागा सोडून काढतात.

पंखा फिरतो आहे. त्याला एक जुनी खोड आहे, दर चौथ्या फेरीला तो खरखरतो. एक, दोन, तीन, खर्र. एक, दोन, तीन, खर्र. खरखर लांबत जाते, खालून येऊ लागते, आणि मग तो पंखा राहत नाही, घाट चढणाऱ्या बसचं इंजिन होतो.

"सरक की जरा," शेजारून कोणीतरी म्हणतं.

मुकुंदराव सरकतात. शेजारी मेहबूब शिकलगार बसला आहे. तोच निळा बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर तोच पावडरचा डबा. मेहबूब मंडळींचा तबलजी. मागच्या वर्षी दसरा आठ दिवसांवर असताना तो गेला. मुकुंदरावांनी स्वतः कब्रस्तानात जाऊन तीन मुठी माती दिली आहे. पण शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला तू मेला आहेस असं तोंडावर कसं सांगायचं? ते खिडकीची काच थोडी खाली घेतात.

"ह्या वर्षी सुरुवात कुठनं?" मेहबूब विचारतो.

"सांगली. मग कोल्हापूर, बेळगाव."

"बेळगावला कुंदा खायचा."

"तुला साखर वर्ज्य आहे."

"आता कसली साखर घेऊन बसलास," मेहबूब म्हणतो आणि मनापासून हसतो. मुकुंदरावही हसतात. हसताना त्यांच्या ध्यानात येतं की मागे बस रिकामी आहे. बारा सीटांवर बारा कार्डं ठेवलेली आहेत, नावं वरच्या बाजूला. मेहबूबच्या सीटवर मेहबूबच बसला आहे, त्याच्याखाली कार्ड आहे की नाही ते दिसत नाही.

"तुझं कार्ड आलं का रं, मुकुंदा?"

हाच प्रश्न त्याने मागच्या भाद्रपदातही विचारला होता, ह्याच आवाजात, त्याच्या घराच्या कट्ट्यावर. आणि बघता बघता ते कट्ट्यावरच बसलेले असतात. अंगणात लिंबाचं झाड, दोरीवर मेहबूबच्या बायकोची, राबियाभाभींची, ओढणी वाळते आहे. बस कुठे गेली याचं दोघांनाही काही वाटत नाही. मुकुंदरावांच्या खिशात कार्ड आहे. त्या दिवशीही होतं. त्या दिवशी ते म्हणाले होते, "अजून नाही आलं." मेहबूबचं आलेलं नाही आणि येणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि का येणार नाही हेही माहीत होतं. "मग ईल की," मेहबूब म्हणाला होता, "दोघांचं संगंच ईल." त्यानंतर रोज सकाळी तो पोस्टमनची वाट बघत ह्या कट्ट्यावर येऊन बसे. राबियाभाभींनी नंतर सांगितलं. तबला हातात देताना सांगितलं.

"आलं," मुकुंदराव आता म्हणतात. खिशातून कार्ड काढायला जातात तर ते निघत नाही, कापडाला शिवलेलं असल्यासारखं.

"ठाऊक हाय," मेहबूब म्हणतो. "तवाबी ठाऊक होतं. खिशातनं कोपरा वर आलेला तुझ्या."

मुकुंदराव खिशावर हात ठेवतात. "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून वाट बघत बसलो."

"किती दिवस?"

मेहबूब पावडरचा डबा उघडतो, दोन्ही तळव्यांवर पावडर घेतो, हात चोळतो. "चल, दुसरी घंटा झाली."

घंटा खरोखरच झालेली आहे, आवाज अजून हवेत आहे. ते रंगमंचासमोरच्या खळग्यात बसले आहेत, जिथे वादक बसतात तिथे. पायाखाली ऑर्गनचा पायटा. हे मालवण आहे. समोर खारा वारा, मागे भरलेलं नाट्यगृह, फक्त मुकुंदराव मान वळवून बघतात तेव्हा खुर्च्यांवर माणसं नाहीत, प्रत्येक खुर्चीवर एक घडी घातलेला झब्बा आहे. त्यांचेच झब्बे. इतके आपल्याकडे कधी होते, असं त्यांना वाटून जातं.

मालवणचा तो प्रयोग, दीड वर्षांपूर्वीचा, त्या मोसमातला शेवटचा. नायिकेचा घसा बसला होता. तिने विंगेत मुकुंदरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काका, आज अर्धा सूर खाली. पांढरी पाच." मुकुंदरावांनी मान डोलावली होती आणि मेहबूबला सांगायचं विसरून गेले होते. नुसतं तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण मंडळींची रीत अशी की दुसऱ्या घंटेनंतर तबलजी म्हणतो "सा दे", ऑर्गनवाला सा धरून ठेवतो, आणि तबला त्याला मिळवला जातो. अकरा वर्षं ह्या नायिकेसाठी ते काळी चार देत आले होते. बोट सवयीने तिथेच गेलं. पांढरी पाचच्या अगदी शेजारची, अर्ध्या सुराने चढी पट्टी. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली, नायिकेचा चेहरा समोर दिसला आणि तेव्हा त्यांना आठवण झाली. त्यांनी पांढरी पाच धरली. तबला राहिला काळी चारमध्ये.

नांदीभर तबला गळ्यांशी भांडत होता. मेहबूब डाव्या हाताने डग्गा सांभाळत उजव्या हाताने हातोडी चालवत होता, सगळ्या प्रेक्षकांसमोर, आणि पहिल्या रांगेतल्या एका रसिकाने तोंडावर रुमाल धरला होता.

मध्यंतरात विजूताई आत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शिकलगार, वय झालं आता तुमचं."

"व्हय ताई," मेहबूब म्हणाला. "कोरड्या हवेनं तबला चढला."

मालवणात, समुद्रापासून दोनशे पावलांवर, कोरडी हवा! तिथल्या दमट हवेत तबल्याचा सूर उतरतो, चढत नाही. हे मुकुंदरावांना ठाऊक, मेहबूबला ठाऊक. विजूताई रागात होत्या, त्यांच्या ते डोक्यात आलं नाही. मुकुंदराव चहाचा कप हातात घेऊन उभे होते आणि तोंडात गुळणी धरून उभे राहिले.

"सा मी चुकीचा दिला होता," ते आता खळग्यात बसून म्हणतात. वाक्य सहज बाहेर येतं. दीड वर्ष कशासाठी आत ठेवलं होतं कोण जाणे.

"मग मला काय सांगतोस? मी तर तिथंच बसलो होतो, तुझ्या उजव्या हाताला," मेहबूब म्हणतो. आवाजात राग नाही. राग असता तर मुकुंदरावांना बरं वाटलं असतं.

"मग कोणाला सांगू?"

मेहबूब समोर बोट दाखवतो. पडदा वर गेलेला आहे. रंगमंचावर राजवाडा नाही, बाग नाही. मुकुंदरावांचं स्वयंपाकघर आहे. एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला, स्टोव्हवर एकाच माणसाच्या चहाचं भांडं. सगळे दिवे त्यावर लागलेले. पात्रं विंगेतून यायची वाट बघावी तर विंगाही नाहीत, भिंती आहेत. मुकुंदरावांना रडू येतं. इतकं एकटं घर त्यांनी बाहेरून कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या जागी कोन बसनार हाय?" मेहबूब विचारतो.

"फोंड्याची एक मुलगी आहे. सावनी."

"हात कसा हाय?"

"मी ऐकला नाही अजून."

"ऐक मग. घरात बसून कसा ऐकशील? आन हा तबला तिला दे. कोपऱ्याची शोभा न्हाई ती." मेहबूब गवसणी सोडतो, तबला चुंबळीवर बसवतो, हातोडी उचलतो. मान थोडी कलती करतो, एकतीस वर्षं करायचा तशी. "सा दे."

मुकुंदरावांचं बोट खाली जातं. काळी चार.

मेहबूब हातोडी उचलून थांबतो. मिळवत नाही. ओरडतही नाही. नुसता थांबून राहतो, आणि मुकुंदरावांना कळतं की तो कट्ट्यावर असाच थांबला होता.

ते बोट उचलतात आणि शेजारच्या पट्टीवर ठेवतात. पांढरी पाच. पायटा हलतो, सूर भरतो. हातोडीचे ठोके पडू लागतात, ठक, ठक, तबल्याच्या लाकडी गट्ट्यांवर, एका गट्ट्यावरून दुसऱ्यावर. थाप. पुन्हा ठोका. थाप. तबला खाली येतो आहे, येतो आहे, आणि एका थापेला तो सुरात असा विरघळतो की दोन आवाज आहेत हेच कळेनासं होतं.

"बस," मेहबूब म्हणतो.

आता तिसरी घंटा व्हायची. मुकुंदराव वाट बघतात. ती होत नाही. ते उजव्या हाताला वळून बघतात.

उजव्या हाताला भिंत आहे, तिच्यावर दिनदर्शिका. साडेचार वाजले आहेत. पंखा चौथ्या फेरीला खरखरतो आहे. मुकुंदराव गादीवर नाहीत. जमिनीवर पेटीसमोर मांडी घालून बसले आहेत, पाय बधिर झालेले, डावा हात पेटीच्या भात्यावर. पुढ्यात तबला. गवसणी सोडून बाजूला नीट घडी करून ठेवलेली. हातोडी त्यांच्या उजव्या हातात आहे.

झोपेत आपण उठलो असू, असं ते स्वतःशी म्हणतात. उठलो असू, गवसणी सोडली असेल. पण उभ्या आयुष्यात त्यांनी तबल्यावर हातोडी मारलेली नाही. मेहबूब मारूच द्यायचा नाही. म्हणायचा, तुला पेटी कळते तेवढी पुरे.

हातोडी खाली ठेवून ते पेटीचा भाता हवेने भरून घेतात आणि उजव्या हाताने पांढरी पाच दाबतात. दुसऱ्या हाताच्या बोटाने, घाबरत, तबल्याच्या किनारीवर एक टिचकी मारतात.

वर्षभर न वाजलेला तबला. मेहबूबने नव्या मोसमासाठी काळी चारमध्ये मिळवून ठेवलेला.

तो पांढरी पाचमध्ये बोलतो. स्वच्छ.

मुकुंदराव पुन्हा टिचकी मारत नाहीत. पट्टीवरचं बोट उचलतात. मग बधिर पाय ओढत उठतात, टेबलावरचा फोन घेतात आणि विजूताईंचा नंबर लावतात. पलीकडे घंटा वाजते. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या घंटेला विजूताई उचलतात.

"बोला आठल्ये. येताय ना?"

"ताई," मुकुंदराव म्हणतात, "मालवणला तबला चढला नव्हता."