खळ्यातला कर्णा

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं, कारण मी त्यांच्या घरात बोलण्याची सोय करून दिली होती.

जळगावात मी इंटरकॉम बसवण्याचा धंदा नुकताच सुरू केला होता. ‘सुरू केला’ म्हणजे पाटी लावली होती. गिऱ्हाईक यायचं होतं! चोपड्याचे माझे सासरे, आबा, ह्या धंद्याला ‘तारांचा खेळ’ म्हणत. म्हणून मी त्यांच्याकडेच दोन संच फुकट बसवले. एक स्वयंपाकघरात, दुसरा केळीच्या बागेपलीकडच्या खळ्यात. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून खळ्यातल्या संचाला कर्णा जोडला. चोपड्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून घेतली. (ट्रॅक्टर जागचा हलेना, पण इंटरकॉम खणखणीत!)

आबा खूश झाले. त्यांनी थंडीतल्या भरीत पार्टीला केळी सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना बोलावलं. साहेबांना यंत्र आवडलं तर सोसायटीचं अख्खं काम मला मिळणार होतं. पार्टीत वांगी आबा स्वतः भाजत. कपाशीच्या काड्यांवर, दुसऱ्या कोणाला हात लावू न देता. पंचक्रोशीत आपल्यासारखं भरीत कोणी करत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

भर दुपारी मी स्वयंपाकघरातून खळ्यात फोन लावला. “हॅलो, हॅलो!” तिकडून पन्नास पाहुण्यांच्या टाळ्या! मी रुबाबात रिसीव्हर ठेवला.

पण मी बोलत असतानाच सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, नव्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून फोनवर भरतकामाचा जाड रुमाल घातला होता. रेडिओवर रुमाल, मिक्सरवर रुमाल, मग फोनने काय पाप केलं? रिसीव्हर बसला तो रुमालावर. खालचं बटण दाबलंच गेलं नाही!

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला.

“गेली लाइट!” माझी बायको सुमन म्हणाली.

“जाऊ दे! आपलं यंत्र बंद पडणार नाही!” मी छाती फुगवून म्हणालो. (हेही खळ्यात ऐकू गेलं.)

“अहो, चला, भरीत वाढतील आता.”

“नको गं! तुझ्या आबांचं भरीत दर वर्षी कच्चं! मी भाकरीखाली लपवतो आणि हळूच मोती कुत्र्याला घालतो.”

“हळू बोला! मी तरी कुठे खाते?”

मी हादरलो. पोटची मुलगी! पण खरा धक्का पुढेच होता. अक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी ते बठ्ठं म्हैसले घालस. तीस वरीस व्हई ग्यात, यास्ले आजून पत्ता नही!”

तीस वर्षं सगळं भरीत म्हशीच्या पोटात! आम्ही तिघं पोट धरून हसलो. आणि रुमालावरच्या रिसीव्हरमधून आबांचा शांत आवाज आला, “जवाईबापू, मोतीना वाटा काढी ठेवू का?”

अक्कांच्या हातातली भाकरी थेट चुलीत! सुमनने पदर तोंडात कोंबला.

मग दुसरा आवाज आला. चेअरमनसाहेबांचा. “आवाज मात्र एकदम स्वच्छ येतो हो!”

काम मिळालं. आबा मात्र गेले. म्हणजे हयात होते, पण माझ्यापुरते मुके झाले. मला फार वाईट वाटलं. पाय धरले, माफी मागितली. ते भिंतीकडे बघत राहिले.

पुढच्या थंडीत चोपड्याला गेलो, तेव्हा खळ्यातून फोन आला. “जवाईबापू, भरीत तयार शे. या.”

मी धावतच गेलो. पहिला घास घेतला. तसंच कच्चं! समोर आबा एकटक बघत बसलेले.

“वा, आबा!” म्हणत मी तीनदा वाढून घेतलं. दुसरा इलाजच नव्हता. मोतीला त्यांनी सकाळीच साखळीने बांधून ठेवलं होतं!