वैशाखातली लाल रेघ

"वरून दिसलं ते मी सांगितलं, मामा. आता खालचं तुमी सांगा."

असं म्हणून मॅडम उकिडव्या बसायच्या आणि जमिनीवर तळहात टेकवायच्या, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा. सरकारी माणूस जीपमधून उतरला की आधी सावली शोधतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. ह्या बाई आधी माती शोधायच्या.

झरीच्या पुढं आमचं गाव. विहिरींचं पाणी मोजायचं, गावाचा नकाशा करायचा आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला जागा दाखवायची, एवढ्या कामासाठी त्या भूजल खात्यातून यायच्या. मूळच्या सेलूच्या, त्यामुळं बोलणं आपलंच. माझं शिक्षण दुसरी पास. तिसरीत मास्तरांशी पटलं नाही. चूक मास्तरांची होती. पण गावातला बांध न् बांध मला पाठ, म्हणून सरपंचानं मला त्यांच्याबरोबर दिलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी नकाशा उघडला. त्यावर गोल गोल रेघा.

"ह्या काय? गोगलगायी चालल्यात का?" मी विचारलं.

त्या हसल्या. माझ्या सुनेची परात मागितली, मधे एक धोंडा ठेवला आणि थोडं थोडं पाणी ओतत गेल्या. पाणी चढेल तिथं धोंड्याभोवती खडूनं रेघ. परात भरली तेव्हा धोंड्यावर चार रेघा उठल्या होत्या. "एका रेघेवरची सगळी जागा एकाच उंचीची, मामा. रेघा दाटल्या तिथं चढ उभा. पाणी उतरणार ते असं, रेघा ओलांडून."

मला कळलं, पण लगेच कळलं असं दाखवायची मला सवय नाही. सून म्हणाली, "मॅडम, धोंडा झाला असंल तर परात द्या. भाकरी राह्यल्यात." मॅडमनी परात स्वतः घासून दिली.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा उपग्रहानं आभाळातून काढलेला फोटो घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्याच्यात लाल दिसतं ते हिरवं असतं."

"लाल म्हंजे हिरवं? मग माझा पटका लाल हाय, तो काय कडवळाचा चारा हाय का?"

"हा कॅमेरा वेगळा हाय, मामा. आपल्या डोळ्याला दिसत न्हाई तो उजेड त्याला दिसतो. हिरवं पान तो उजेड लय परतवतं, म्हणून कागदावर त्याला लाल रंग देतात."

आमचा हा वाद अर्धा दिवस चालला. मी हरलो नाही. जेवायची वेळ झाली, एवढंच.

पण त्याच फोटोवर त्यांचं बोट एका जागी थांबलं. वैशाखातला फोटो, सगळं शिवार करपलेलं, आणि मधेच एक सरळ लाल रेघ. "खाली खडकाला लांब भेग असावी. भेगेत पाणी, म्हणून वर हिरवळ. कुणाचं रान हे?"

रान माझं होतं.

आता खरं सांगतो. कालव्याची चारी माझ्या बांधावरून जाते. तिला मी पाइप लावला होता. जमिनीखालून, जनावरांसाठी पेरलेल्या कडवळापर्यंत, कुणाला न विचारता. पाइप जागोजागी गळायचा आणि त्याच्यावर गवत माजायचं. गावाला मात्र मी सांगून ठेवलं होतं, 'माझ्या रानात जिवंत झरा हाय. नशीब लागतं.' लोकांनी ते मानलंही होतं.

मॅडम रानात आल्या. तळहात टेकवला. ओल लागली. पण कपाळाची आठी जाईना. "इथं वर ओल, आन् तीस पावलांवर तुमची विहीर तळाला गेलेली. हे कसं, मामा? मला उत्तर सापडंना."

"पहिल्यापासून असंच हाय," मी म्हणालो.

विहीर एकच मंजूर होती. ती माझ्या रेघेवर खोदली असती तर कोरडा पाषाण लागला असता, आणि माझी सून गावातल्या बायांबरोबर टँकरच्या मागं तशीच पळत राहिली असती. सुनेला पाइप माहीत होता. रिकामी घागर माझ्यासमोर आपटून ठेवायची, तेवढंच.

विहिरीच्या जागेवर फुली मारायच्या दिवशी गाव माझ्या रानात जमलं. सरपंचाच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चुना. मॅडम पुन्हा उकिडव्या बसल्या. "वरून दिसलं ते सांगितलं, मामा. खालचं तुमी सांगा."

सून कडेला उभी होती. घागर घेऊन.

"फावडं आणा," मी म्हणालो.

दोन हात खणलं आणि काळा पाइप उपसून वर काढला. चारीला पाणी चालू होतं. सांधा निसटला आणि पिचकारी थेट सरपंचाच्या धोतरावर.

"मामा, हाच का तुमचा जिवंत झरा?" सरपंचानं धोतर झटकत विचारलं.

"झराच हाय. फक्त प्लास्टिकचा."

गाव हसलं. मॅडम तर हसत हसत ढेकळावरच बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चूक माझी हो. रेघ बघून मी भेग समजले."

"न्हाई," मी म्हणालो. "चूक माझी हाय. ती मी दुसऱ्याला देणार न्हाई."

मग मी त्यांना ओढ्याच्या वळणावर नेलं. उन्हाळ्यात माझ्या शेळ्या तिथली वाळू उकरून गारव्याला बसतात. त्यांच्या गोल रेघा ओलांडून येणारं पाणीही तिथंच उतरत होतं. विहीर तिथं झाली. पाणी लागलं तेव्हा सुनेनं पहिली घागर मॅडमच्या पायावर ओतली. दुसरी माझ्या डोक्यावर, पटक्यासकट.

पुढं मॅडमची बदली झाली. नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. त्यावर माझी रेघही काढलेली, तिच्याशेजारी त्यांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'मामांचा पाइप'. सरपंच पाहुण्यांना तेच आधी दाखवतो. दाखवू दे.

पाइप मी काढून टाकला. वैशाखात आता ती जागाही इतर रानासारखी भेगाळते. दुपारी मी तिथं जातो आणि वर बघतो. घारीशिवाय काही दिसत नाही. पण कुठंतरी मॅडम तो कागद उघडत असतील आणि तिथं लाल रेघ नसेल.

माणूस त्या फोटोत दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तरी मी पटका नीट बांधूनच उभा राहतो.