पेन्सिलीची टिंबं

न्यायाधीशांच्या कामाबद्दल मी काही लिहावं, एवढा माझा अधिकार नाही. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

इंटर्नशिपसाठी मी कोल्हापुरातून रोज एसटीने पन्हाळ्याच्या कोर्टात जायचो. न्यायाधीशांचंही काम तपासलं जातं, हे मला तिथे कळलं. आमच्या न्यायाधीश मॅडमची बढती आदल्या वर्षी हुकली होती. या वेळी त्यांना आपला एक निकाल निवडून वरिष्ठांकडे पाठवायचा होता.

"तो जमिनीचा मोठा पाठवा की मॅडम," शिरस्तेदार म्हणाले. "नुसता हातात घेतला तरी मार्क द्यावं वाटतंय."

दुसरा निकाल चार पानांचा. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून दोन शेजारी भांडत होते, त्यांचा. मॅडमनी दोन्हींच्या प्रती माझ्याकडे दिल्या. "वाच. जिथं अडशील तिथं पेन्सिलीनं टिंब दे."

दुसऱ्या दिवशी मी प्रती परत दिल्या. छोट्या निकालात एक टिंब होतं. मोठा तसाच कोरा.

"मोठ्यातलं सगळं समजलं?"

मी खाली बघत म्हणालो, "नाही मॅडम. फारसं काहीच नाही. मला वाटलं, मीच कच्चा आहे."

"पावण्याची काय चूक न्हाय," शिरस्तेदार म्हणाले. "तपासताना मला बी डुलकी लागली हुती."

मॅडमना हसू आवरलं नाही. "बस इथंच, आणि आता खरी टिंबं दे."

मी दिली. पानं गोवर आल्यासारखी दिसायला लागली. मॅडम ती पानं बराच वेळ चाळत राहिल्या. मग त्यांनी विहिरीचा निकाल पाठवायला काढला.

मी भीत भीत म्हणालो, "त्यात पण एक टिंब आहे."

"असू दे. दिलेला निकाल बदलता येत नाही. पुढचा नीट लिहीन."

इंटर्नशिप संपली, तरी मी अधूनमधून शिरस्तेदारांना फोन करायचो. "अजून न्हाय," एवढंच उत्तर मिळायचं. स्वतःच्या निकालाचीही मी एवढी वाट पाहिली नव्हती.

परवा मेसमध्ये जेवताना त्यांचाच फोन आला.

"वकीलसाहेब, मॅडमची बढती झाली. नव्या न्यायाधीशांना निकाल लिहायला शिकवायचं काम बी आलंय. पहिल्या तासाला तो जाडा निकाल नेणार हायत, तुझ्या टिंबांसकट."