गाळावरची मेथी
मेथीच्या मुळांना ओल्या गाळाचा वास आला, की मला तो पूर आठवतो. ऐन दसऱ्याच्या तोंडावर गोदावरीने आमचा झेंडू वाहून नेला आणि मळ्यात घोटाभर गाळ ठेवला. हे म्हणाले, "पुरे ही शेती, मी सिन्नरला कंपनीत जातो." सासरे म्हणाले, "जाशील रे, आधी ही मेथी तर फेकू." न नांगरताच त्यांनी गाळावर बी फेकलं. मी नवी सून, रोज गुपचूप बांधावर जाऊन बघायची. एका सकाळी काळ्या गाळावर हिरवे कोंब दिसले आणि मी तिथूनच ओरडले, "अहो, उगवलं!" सासरे खळखळून हसले, "आपल्या सुनेला आवाज हाय म्हणायचा!" हे सिन्नरला गेले नाहीत. आताही पूर ओसरला, की मी आधी मळ्यात गाळ आलाय का ते बघते.